सल्ला हवा: नाटकातल्या चढाओढीवरचा जुना चित्रपट

विंगेतली: तालमी सुरू होण्याआधी आमची हौशी संस्था एकत्र बसून एक चित्रपट बघते. यंदाच्या नाटकात उतरणीला लागलेली नटी आणि तिच्या जागेवर डोळा असलेली तरुण मुलगी आहे. त्याला धरून काहीतरी कसदार सुचवा. इंग्रजी चालेल.

तिसरी_घंटा: डोळे मिटून 'ऑल अबाउट ईव्ह' लावा. १९५०चा, कृष्णधवल, लेखन-दिग्दर्शन जोसेफ मँकिविट्झ. मार्गो चॅनिंग ही ब्रॉडवेची चाळिशीतली तारका. ईव्ह तिची भक्त म्हणून मेकअप रूममध्ये येते, पडेल ते काम करते आणि हळूहळू घरातलीच होऊन बसते. पुढचं सांगत नाही. एक जागा मात्र नीट बघा. प्रयोगानंतर ईव्ह मार्गोचा पोशाख घेऊन निघालेली असते. आरशापुढे थांबते, तो अंगाला लावते आणि समोर प्रेक्षक नसताना वाकून अभिवादन करते. मार्गो ते पाहते आणि तिला कौतुकच वाटतं! पहिल्या वेळी मलाही त्या पोरीची माया आली होती. दुसऱ्यांदा पाहताना तिथेच अंगावर काटा आला.

विंगेतली: लांबी किती? भाषा झेपेल का?

तिसरी_घंटा: १३८ मिनिटं. संवाद भरपूर आणि झरझर, त्यामुळे सबटायटल्स हवीतच. पार्टीचा मोठा प्रसंग झाला की मध्यंतर घ्या.

जुनी_ट्रंक: अनुमोदन. मी बारा वर्षं कपडेपट सांभाळलाय, म्हणून सांगते, बर्डीवर लक्ष ठेवा. थेल्मा रिटरने केलीय. मार्गोचे कपडे, तिच्या वेळा, तिचे राग सगळं सांभाळणारी बाई. ही मुलगी तुमचं चालणं, बोलणं, खाणं टिपून घेतेय, हे मार्गोला तोंडावर सांगते ती हीच. विंगेत उभ्या माणसाला जे दिसतं ते उजेडातल्याला दिसत नाही, हे इतकं खरं मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलं नाही.

शिवाय मार्गोची भूमिका आधी क्लॉडेट कोलबर्टकडे होती. तिची पाठ दुखावली म्हणून ती बेटी डेव्हिसकडे आली. म्हणजे रिप्लेसमेंटच! पुढे डेव्हिस आणि ईव्ह झालेली अ‍ॅन बॅक्स्टर, दोघींनाही प्रमुख अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं आणि पुरस्कार गेला ज्युडी हॉलिडेला. चित्रपटाला एकूण १४ नामांकनं आणि ६ ऑस्कर.

दादर_पूर्व: एक खटकतं. गाडी अडकते तेव्हा मार्गो म्हणते, नवरा नसेल तर बाईचं बाकीचं सगळं अपुरं. आज ते पटत नाही. पण वगळू नका, तरुण मुलींना त्यावर बोलू द्या. वेळ असेल तर पुढच्या आठवड्यात जॉन कॅसाव्हेट्सचा 'ओपनिंग नाइट' (१९७७) लावा. तिथे नटीचं भांडण स्वतःच्या वयाशीच आहे. जीना रोलँड्स अफाट.

विंगेतली: मनापासून आभार. शनिवारी 'ईव्ह' लावतोय. आमच्या कपडेपटवाल्या मावशी एरवी चित्रपटाला थांबत नाहीत. या वेळी त्यांना आग्रहाने बसवते.