फेसाचे खांब?

ओळंबा: 'फोम काँक्रीटने इमारत निम्म्या वजनाची होते, मग कॉलम-बीमही त्याचेच का नकोत?' असा धागा काल कुणीतरी काढला आणि खाली नुसत्या टाळ्या. अहो, साधं काँक्रीट घनमीटरला 2400 किलो. फेस घालून 800 वर आणलंत की ताकद 3-4 मेगापास्कल. सांगाड्याच्या हलक्या काँक्रीटला अमेरिकन काँक्रीट संस्था, एसीआय, किमान 17 मागते. आत खडी नाही, म्हणजे वाळताना आकसणार कितीतरी पट. शिवाय हवा-पाणी आत शिरून सळया गंजणार. गच्चीला उतार काढा, खड्डे बुजवा. खांब नको.

फेसवाला: मुद्दाम 800 चं उदाहरण! 1600 ला बारीक वाळू, फ्लाय ॲश (कोळशाची राख), सिलिका फ्यूमची बारीक पूड घाला, पाणी आवरा. 20 च्या पुढे जातं. मी स्वतः क्यूब, म्हणजे चाचणीचे चौकोनी ठोकळे, फोडलेत. आणि रोममधल्या प्राचीन पँथिऑनचा घुमट? हलकंच काँक्रीट ना?

ओळंबा: त्यात प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड आहे, फेस नाही. एसीआयचे 17 सिलिंडरच्या आकाराच्या नमुन्यावरचे. क्यूब जास्तच दाखवतो. आणि 1600 म्हणजे वजन एक-तृतीयांशानेच घटलं. 'निम्मं' कुठे गेलं?

खिळेबहाद्दर: ताकद राहू द्या. आमच्याकडे याच ब्लॉकच्या भिंती. टीव्हीचा स्टँड तीनदा ठोकला, तीनदा प्लगसकट हातात आला. मागे नुसता भुसा.

ओळंबा: ते एएसी असेल, कारखान्यातले हलके ब्लॉक. त्यात ॲल्युमिनियम पावडरने वायू होतो, मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरसारख्या टाकीत, वाफेवर शिजवतात. वेगळी गोष्ट.

खिळेबहाद्दर: हे भिंतीला सांगा.

जुना गवंडी: ड्रिलचा हॅमर बंद ठेवलात का? नुसतं फिरवून भोक पाडा, सच्छिद्र ब्लॉकचा लांब नायलॉन प्लग घाला.

खिळेबहाद्दर: हॅमर चालूच होता. पण डब्यावर लिहायला काय होतं?

फेसवाला: इथे खांबाची चर्चा चालू आहे!

जुना गवंडी: मग खांबाचं ऐका. एका साइटवर लिटरचं भांडं भरून तोललं. मिक्सरपाशी 1.6 किलो, पंपाच्या नळीतून बाहेर 1.75. बुडबुडे वाटेतच फुटले. वरून माल कमी पडला तो पडलाच. कागदावरचा तुमचा 1600 साच्यात कुणी मोजला?

फेसवाला: पंपिंगचं मान्य. फेस प्रोटीनचा होता की सिंथेटिक?

जुना गवंडी: ड्रमवरचं लेबल फाटलेलं होतं.

फेसवाला: वा! आणि दोष फोम काँक्रीटचा.

ओळंबा: बरं, फॅक्टरीतले लहान प्रीकास्ट पॅनल करा, प्रत्येक बॅच तोलून. तेवढं सोडतो. खांब तुमच्या घरात उभे करा, मी पाहायला येईन. बाहेरून.

खिळेबहाद्दर: प्लग किती लांबीचा घेऊ?