मालकाची चाचणी ठीक, पण पैशाच्या वाटपाचं काय?

इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबांच्या कारभारावर देखरेखीसाठी नवा नियामक आलाय, आणि त्याबद्दल मतांची दोन टोकं दिसतात: नियामक आला की सगळं सुधारेल, किंवा तो नुसता शोभेचा. मला दोन्ही पटत नाहीत.

बरी (Bury) या इंग्लिश क्लबचं प्रकरण बघा. डिसेंबर २०१८ मध्ये तो एका पौंडाला विकला गेला. पैसा कुठून येणार याचा समाधानकारक पुरावा नसताना ताबा मिळाला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये क्लब लीगबाहेर. नियम होते, पण तपासणी ताब्यानंतर, आणि तपासणारी लीग म्हणजे क्लबांचीच संघटना! इंग्लंडच्या २०२५ च्या कायद्याने हा क्रम उलटवला. मालक आधी पात्र ठरायला हवा, पैशाचा स्रोत दाखवायला हवा. पहिल्या पाच स्तरांतल्या क्लबांना परवाना लागेल, आधी तात्पुरता, मग पूर्ण. स्टेडियम विकायलाही मंजुरी हवी.

खरं दुखणं मात्र चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे प्रीमियर लीगखालच्या दुसऱ्या स्तरावर आहे. तिथे अनेक हंगामांत एकूण पगारखर्च उत्पन्नापेक्षा जास्त झालाय. प्रीमियर लीगमधून खाली उतरलेल्यांना घसरण सोसता यावी म्हणून काही वर्षं पॅराशूट रक्कम मिळते, बाकीचे त्यांना गाठायला मालकाच्या खिशातून उधळतात. खिसा बंद झाला की क्लब गाळात. मालक कितीही सज्जन असो, हे गणित तेच राहतं. प्रीमियर लीग आणि खालच्या लीगांची पैशाच्या वाटपावर तडजोड झाली नाही तर नियामक हस्तक्षेप करू शकतो, पॅराशूट रकमेसह. तो अधिकार वापरायची हिंमत आहे का, यावर माझं लक्ष आहे.

आणि कठोर तपासणीने क्लब वाचतोच असं नाही. फ्रान्समध्ये डीएनसीजी ही फुटबॉलची आर्थिक देखरेख संस्था वर्षानुवर्षं क्लबांचे हिशेब तपासते, तरी २०२४ मध्ये बोर्दो क्लब दुसऱ्या स्तरावरून थेट चौथ्या स्तरावर गेला.