आठ दिवसांत इटलीची आठ ठिकाणं? माझा विरोध आहे

पायवाट
काल इथे एका सदस्याने इटलीचा प्लॅन टाकला: मिलान, व्हेनिस, फ्लोरेन्स, पिसा, सिएना, रोम, नेपल्स, पाँपेई, सगळं आठ दिवसांत. वर शेरा, की गाड्या इतक्या वेगवान असताना एका गावात दोन-तीन रात्री काढणारे पैसे वाया घालवतात. खाली कौतुकाची रांग. माझ्या मावसबहिणीने तो प्लॅन जसाच्या तसा उचलला, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाड्या वेगवान आहेत, मान्य. मिलान-व्हेनिस अडीच तास, व्हेनिस-फ्लोरेन्स सव्वादोन, फ्लोरेन्स-रोम दीड. पण हा हिशोब स्टेशन ते स्टेशन. एक हॉटेल दहा-अकराला खोली रिकामी करायला लावतं, पुढचं दुपारी दोन-तीनशिवाय चावी देत नाही. मधल्या वेळात बॅगा घेऊन कुठे फिरणार? व्हेनिसला सांता लुचिया स्टेशनाबाहेर आलात की समोर कालवा, पुढे पूल, आणि पुलांना पायऱ्या. सत्तरीच्या आईचा हात धरून त्या पायऱ्यांवरून सुटकेस चढवायची. मुक्काम हलवला की अर्धा दिवस गेला, मग गाडी कितीही वेगात धावो.

शिवाय बंदचे वार. फ्लोरेन्सची उफ्फिझी आणि अकादेमिया ही दोन कलासंग्रहालयं सोमवारी बंद. मिलानचं लास्ट सपर, म्हणजे दा विंचीचं भित्तिचित्र, तेही सोमवारी बंद. एरवी आधी बुकिंग असेल तरच आत सोडतात, तेही पंधरा मिनिटं. व्हॅटिकनची म्युझियम्स रविवारी बंद, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. फ्लोरेन्सला एकच दिवस दिलात आणि तो सोमवार निघाला तर अकादेमियातला मायकेलअँजेलोचा डेव्हिड पुतळा राहिला, आणि उद्या तुम्ही रोममध्ये.

आठ दिवसांत तीन मुक्काम: व्हेनिस, फ्लोरेन्स, रोम. उत्तरेला उतरा, रोमहून परता. चौथा मुक्काम नको.

चिंचवडकर
तो प्लॅन माझा. तुम्ही एकटे फिरता की काय, कळत नाही. आमच्याकडे चार माणसांचा व्हिसा म्हणजे माणशी 90 युरो नुसती फी, वर व्हिसा सेंटरचे पैसे, विमान, रजा. आई-वडिलांना घेऊन पुन्हा इटली होणार नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. अशा वेळी "हे पुढच्या वेळी बघू" म्हणायचं कुणाला?

वडील आयुष्यभर बांधकामावर सुपरवायझर. त्यांना इटलीत एकच गोष्ट बघायची होती, पिसाचा मनोरा. 1990 ते 2001 तो लोकांसाठी बंद होता, उत्तरेकडच्या बाजूखालची माती थोडी थोडी काढून कलणं कमी केलं, हे सगळं त्यांना पाठ. तिथे उभं राहून त्यांनी नातवाला समजावलं, की ढासळायला आलेल्या बाजूला टेकू न देता दुसऱ्या बाजूची माती का काढली. आजूबाजूचे दोन मराठी लोक थांबून ऐकत होते. उफ्फिझीत ते बाकावर बसून राहिले होते. तुमच्या यादीत पिसा नाही. म्हणजे माझ्या वडिलांची सहल चुकीची?

पायवाट
वडिलांबद्दल वाचून बरं वाटलं, मनापासून. पण पिसा फ्लोरेन्सहून तासाभरावर आहे. बॅगा फ्लोरेन्सच्या खोलीत ठेवा, सकाळी जा, संध्याकाळी परत या. मी मुक्कामांबद्दल लिहिलंय. तुमच्या प्लॅनमध्ये पिसाला रात्रीचं हॉटेल आहे. ते कशासाठी?

चिंचवडकर
स्वस्त मिळालं म्हणून. सगळ्यांना फ्लोरेन्सच्या मध्यात खोली परवडत नाही.

ओवी_बोलोन्या
मी बोलोन्यात राहते आणि दर उन्हाळ्यात देशातून हाच प्रश्न येतो. दोघंही माझ्या गावावरून गाडीने निघून जाता. इथून फ्लोरेन्स पाऊण तासाच्या आत, मिलान तासाभरात, व्हेनिस दीड तासात. मुक्काम एकच ठेवा, तीन शहरं बघा, मग रोम. हॉटेलंही फ्लोरेन्सपेक्षा परवडतात.

आणि शोपेरो, म्हणजे संप, कुणीच धरत नाही! रेल्वेचे संप इथे नेहमीचे, बरेचदा शुक्रवारी. कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ लोकल गाड्यांची हमी असते, बाकी नशीब. ज्याने रोज गाव बदलायचं ठरवलंय त्याची अख्खी साखळी एका संपात तुटते. गेल्या वर्षी एका ओळखीच्या कुटुंबाची नेपल्सची खोली अशीच बुडाली, रात्री माझ्याकडे जमिनीवर गाद्या घातल्या. गाडी भाड्याने घेऊन गावात घुसणाऱ्यांबद्दल तर बोलतच नाही. झेडटीएल, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला गावातला भाग, तिथले दंड घरी पोचतात आणि मग फोन मला येतात.

पंचगंगाकाठ
तीन म्हणा नाहीतर आठ, फ्लोरेन्सच्या कसिने बागेचं नाव एकानेही काढलं नाही. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 ला फ्लोरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. दहनाची तिथे रीत नव्हती, तरी परवानगी मिळाली आणि या बागेच्या टोकाला आर्नो-मुन्योने नद्यांच्या संगमावर अग्नी दिला. तिथे 1874 पासून छत्री उभी आहे, तिच्याखाली महाराजांचा अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा, ज्याने पुढे आमचा न्यू पॅलेस उभारला. शेजारच्या पुलाचं नावही त्यांच्यावरून, पोंते आल्लिंदियानो, म्हणजे भारतीयाचा पूल. मराठी माणूस फ्लोरेन्सला जाऊन हे न बघता येतो, याचं मला फार वाईट वाटतं.

संत्रानगरी
राजाराम महाराज तर सिंहगडावर वारले ना? फ्लोरेन्स कुठून आलं?

पंचगंगाकाठ
ते शिवछत्रपतींचे पुत्र, 1700 साल. मी 1870 लिहिलंय. वाचा तरी.

चिंचवडकर
आदर आहे, पण ती छत्री बागेच्या पार पश्चिम टोकाला आहे, बाग तीन किलोमीटरहून लांब. जाऊन येऊन सकाळ गेली. आठ दिवसांतली एक सकाळ एका छत्रीसाठी? कोल्हापुरात महाराजांची आठवण ठेवायला जागा कमी आहे का?

पंचगंगाकाठ
मनोऱ्याला हात टेकल्याचा फोटो काढायला गाव बदलायचं, आणि आपला राजा जिथे परक्या मुलखात गेला तिथे जायला सकाळ नाही!

चिंचवडकर
माझ्या वडिलांनी तसला फोटो काढला नाही. त्यांच्यावर घसरायचं काम नाही.

पंचगंगाकाठ
वडिलांना काही म्हटलं नाही. लागलं असेल तर शब्द मागे घेतो. छत्रीचा मुद्दा सोडत नाही.

ओवी_बोलोन्या
मी सायकलने गेलेय तिथे. भोवती इटालियन कुटुंबं डबे उघडून बसलेली, पुतळ्याकडे बोट दाखवून मुलांना "लिंदियानो" सांगत होती. आपलं कुणी नव्हतं. मला पंचगंगाकाठ दादांचं पटतं, पण त्यासाठी फ्लोरेन्सला दोन तरी रात्री हव्यात.

पायवाट
मी तेच पहिल्यापासून सांगतोय. आठ ठिकाणांच्या प्लॅनमध्ये छत्री बसत नाही, तीन मुक्कामांच्या बसते.

चिंचवडकर
आता सगळे एका बाजूला झालात. ठीक. सिएना मी काढतो, ते फ्लोरेन्सहून बसने जमेल. स्टेशन तसंही डोंगराखाली आहे. पिसाची रात्रही काढतो. पण पाँपेई राहणार. रोमहून नेपल्स सव्वा तास, पुढे चिर्कुमवेझुव्हियाना ही लोकल गाडी पाऊण तास, बॅगा रोममध्येच. ज्वालामुखीने गाडलेलं गाव मुलाने शाळेत वाचलंय, ते मी कुणाच्या तत्त्वासाठी सोडणार नाही.

पायवाट
सोडा असं म्हटलंच नाही. तिकीट मात्र आधी काढा. नोव्हेंबर 2024 पासून तिथे दिवसाला वीस हजार माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं. आणि मिलान?

चिंचवडकर
विमान तिथे उतरतं. एक रात्र राहणारच. मुलांना झोप लागते हो.

संत्रानगरी
मध्येच विचारतो. व्हेनिसला मेस्त्रेत राहावं की बेटावर?

चिंचवडकर
मेस्त्रे. बेटासमोर जमिनीवरचा भाग, दहा मिनिटांची गाडी, निम्मं भाडं. पालिका व्हेनिसचीच, त्यामुळे मुक्काम असेल तर दिवसाच्या पाहुण्यांची प्रवेश फी लागत नाही, फक्त सूट नोंदवायची.

पायवाट
बेटावर. दिवसभराची गर्दी संध्याकाळी निघून जाते, तेव्हाचं व्हेनिस मेस्त्रेत राहून मिळत नाही.

चिंचवडकर
मेस्त्रेहून रात्री साडेदहापर्यंत बेटावर राहून परत येता येतं, आम्ही आलो. तुम्हाला स्वस्त काही पटतच नाही.