मदत हवी आहे: अम्मीच्या गळ्यातला तावीज काढू का? लवकर सांगा

खाडीपलीकडची: उद्या सकाळी तावीज देणारे आमिलसाहेब (झाडफूक करणारे) परत येणारेत, त्याआधी ठरवायचंय. मामू म्हणतात ठेव, भाऊ म्हणतो काढ. हो की नाही एवढंच लिहा.

बिनतिखट: काढा. मुसनद अहमदमध्ये हदीस (पैगंबरांचं वचन) आहे, ज्याने तमीमा लटकवला त्याने शिर्क (अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला मानणं) केला. विषय संपला.

कोकणी_हनफी: तुमच्यापुरता संपला. तमीमा म्हणजे जाहिलियतचे, इस्लामपूर्व काळातले मणी-गंडे. कुराणाची आयत असलेला तावीज बरेच उलेमा (धर्मपंडित) अटींवर चालवून घेतात. ताई, आत आयत आहे की चौकटीत आकडे?

खाडीपलीकडची: मेण लावून शिवलाय, उघडला नाही. आमिलसाहेबांनी अम्मीचं आणि नानीचं नाव विचारून हिशेब मांडला. म्हणाले बुर्ज अक्रब, म्हणजे वृश्चिक रास, नात्यातल्या बाईने करणी केलीय.

कोकणी_हनफी: हे आधी सांगायचं ना! मग तो आमिल नाही, नजूमी (ज्योतिषी) आहे. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहानुसार अशाला जाऊन विचारलं तर ४० रात्रींची नमाज कबूल होत नाही. रुकया (कुराण वाचून दम करणं) घरीच करा: फातिहा, आयतुल कुर्सी, शेवटचे दोन सूरे. पैगंबरांचे साथी अबू सईद खुदरींनी सांगितलेल्या हदीसमध्ये विंचू चावलेल्या सरदारावर नुसती फातिहा वाचली होती.

बिनतिखट: आणि मोबदल्यात मेंढ्या घेतल्या, तेही सांगा.

कोकणी_हनफी: त्या बरं वाटल्यावर मिळाल्या. इथे आगाऊ किती गेले?

खाडीपलीकडची: ११ हजार. उद्या आणखी १०.

ग्रहमान: वृश्चिकेची साडेसाती २०२० मध्येच संपली. आईंची जन्मवेळ द्या, पत्रिका बघतो.

बिनतिखट: दादा, तेच नको म्हणून भांडतोय! पैगंबरांचा मुलगा इब्राहीम गेला त्या दिवशी ग्रहण लागलं, तेव्हा त्यांनीच सांगितलं की सूर्यचंद्राला कुणाच्या मरणा-जगण्यासाठी ग्रहण लागत नाही.

चाचीचा_भाचा: गुजरातेत उनाव्याला मीरा दातारच्या दर्ग्याला न्या. आमच्या चाचीला फरक पडला.

रात्रपाळी: अम्मींना होतंय काय, हे कुणी विचारलंच नाही.

खाडीपलीकडची: झोप नाही, धडधड, हात थरथरतात, वजन उतरलंय. गोळ्या आमिलसाहेबांनीच बंद करायला लावल्यात.

रात्रपाळी: कसल्या गोळ्या??

खाडीपलीकडची: थायरॉइडच्या. वाढलाय असं डॉक्टर म्हणाले होते. बंद करून तीन आठवडे झाले.

रात्रपाळी: अहो, ती करणी नाही, थायरॉइड आहे! आत्ता डॉक्टरांना फोन करा. आणि नाव घेऊन कुणावर करणीचा आळ घेतला तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात ६ महिने ते ७ वर्षं शिक्षा आहे, हे त्या साहेबांना ऐकवा.

खाडीपलीकडची: फोन लागला, सकाळी ९ ला बोलावलंय. आमिलसाहेबही ९ लाच येणार होते. पण तावीजाचं काय करू?

बिनतिखट: पहिल्याच ओळीत सांगितलं होतं.

कोकणी_हनफी: उघडून बघा आधी.