एवढं ऊन असताना ‘ड’ जीवनसत्त्व कमी कसं?

‘आपल्याकडे बारा महिने ऊन, मग मुलांना कमतरता कशी?’ या प्रश्नावर थोडी भर घालते. त्वचेत ‘ड’ तयार करणारे उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण खिडकीची काच अडवते, त्यामुळे घरात येणारं ऊन इथे कामाचं नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हातही हे किरण फार थोडे असतात. सावळ्या त्वचेला तर वेळही जास्त लागतो.

आईच्या दुधात हे जीवनसत्त्व फारच कमी असतं. म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळालाही पहिलं वर्षभर रोज 400 युनिटचे थेंब द्यायला बालरोगतज्ज्ञ सांगतात. ‘आमची पोरं थेंबांशिवायच वाढली’ म्हणून घरची मोठी माणसं ते बंद करायला लावतात, याची मला फार काळजी वाटते.

‘ड’ कमी पडल्याने मुलांची हाडं मऊ राहतात, तो आजार म्हणजे मुडदूस; त्यात मनगटं जाड होतात, पाय वाकतात. वेळेत उपचार झाले तर पाय बरेचदा सरळ होतात. पण मुलीच्या ओटीपोटाचा हाडांचा सांगाडा अरुंद राहिला, तर त्याची किंमत वीस वर्षांनी बाळंतपणात मोजावी लागते. आहारात कॅल्शियम कमी असेल तर नुसत्या ‘ड’ने भागत नाही, नाचणी, दूध, तीळही हवेत.

‘ड’च्या कमतरतेमुळे मधुमेह, दमा होतो, असे दावे मात्र मी जपून वाचते. कमतरता आणि आजार सोबत दिसले, म्हणजे एकामुळे दुसरा झाला असं ठरत नाही.

आणि कृपा करून मोठ्यांची 60,000 युनिटची पुडी मनाने मुलांना देऊ नका. अतिरेकाने रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडांना इजा होते.