धुक्यात मालगाडीचा फोटो राखाडी येतो, काय करू?

म्हापशाचा नवखा:
तीन रविवार झाले, पहाटे गोव्यातल्या सावर्ड्याला जातोय. कोळशाची मालगाडी, मागे धुकं, पुढे वायंगणाच्या (हिवाळी भाताच्या) शेतात साचलेलं पाणी, असा एकच फोटो हवाय. पण सगळं राखाडी येतं. इंजिनाचा दिवा समोर आला की बाकीचं काळंठिक्कर. काल काचेवर पाणी धरलं, रुमालाने पुसेपर्यंत गाडी गेली. लेन्स 70-300 मिमी, लांबचं जवळ आणणारी. धुकं नसेल तेव्हाच जाऊ का?

कुळ्याचा काका:
धुकं सोडू नका हो, वर्षातले थोडेच दिवस मिळतं ते.

काचेवर धरतं ते दव. उघड्या आभाळाखाली काच गार पडते आणि गवतावर धरतं तसं तिच्यावरही धरतं. पुसलं की ओलसर थर पसरतो, मग दिव्याभोवती घाणेरडं वलय येतं. माझी एक अख्खी सकाळ अशी गेली आहे. लेन्सच्या तोंडावर हूड (पुढची नळी) लावा, झाकण घाला, लेन्सचं तोंड खाली धरा. झाकण काढायचं ते गाडीची घरघर कानावर आली की. भरलेली मालगाडी दिसण्याच्या खूप आधी ऐकू येते.

पांढरं धुकं दिसलं की कॅमेरा आपणहून उजेड कमी करतो, दिवा दिसला की आणखी कमी. म्हणून मॅन्युअलवर या, उजेड स्वतः ठरवा. गाडी यायच्या आधी शेतावर उजेड मोजा आणि एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवा. दिवा पांढरा फटक आला तरी चालेल.

आता दिशा. भरलेला कोळसा मुरगाव बंदरातून कर्नाटकात, म्हणजे पूर्वेला जातो. सकाळचं ऊन थेट इंजिनाच्या तोंडावर. रिकामी गाडी वास्कोकडे, म्हणजे बंदराकडे परतते तेव्हा ऊन तिच्या पाठीशी असतं आणि धुकं आतून पेटल्यासारखं दिसतं. मला ही रिकामी जास्त आवडते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा रंग हवे असतील तर रुळांच्या दक्षिणेला उभे राहा.

घाटवेडी:
काका, एक जोडते. कुळ्याच्या पुढे घाटात, वरच्या कॅसलरॉक स्टेशनपर्यंत 37 मीटरला 1 मीटर चढ आहे, जादा इंजिनं लावून गाडी वर चढवतात. ते बघून मुलं दूधसागरच्या रुळांवरून चालत सुटतात. कृपा करून तसं करू नका. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड आहे, आणि बोगद्यात बाजूला व्हायला जागा नसते.

म्हापशाचा नवखा:
नाही ताई, मी शेताच्या बांधावरच असतो. काका, शटर किती ठेवू?

कुळ्याचा काका:
लांबून समोर येत असेल तर 1/250 सेकंद पुरे. बाजूने जाताना 1/500.