रविवारची घाटवारी, घरच्यांची धास्ती: धोक्याचा हिशोब कसा मांडायचा?

रानवाट:
नमस्कार मंडळी. साडेतीनशे सीसीची बाईक आहे, दोन्ही चाकांना एबीएस. महिन्यातून दोन रविवार पुण्याहून ताम्हिणी, वरंधा किंवा माळशेज. वय ४१, पदरात मुलगी, घराचा हप्ता चालू. घरचे म्हणतात गाडी विकून टाक. मला सोडायची नाही, आठवडाभरात तेवढेच चार तास खऱ्या अर्थाने माझे असतात. पण "काही होत नाही" म्हणून त्यांना गप्प करणंही पटत नाही. धोका नेमका येतो कुठून, त्यातला माझ्या हातात किती, आणि उरलेल्याची तजवीज काय करायची?

क्लचप्लेट:
घरच्यांची धास्ती खोटी नाही, हे आधी मान्य करा. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४ टक्क्यांच्या आसपास दुचाकीवरची. पण धोका प्रत्येक किलोमीटरवर सारखा नसतो. तो ठरावीक ठिकाणी साचतो, आणि त्यातल्या बऱ्याच जागा टाळता येतात.

सगळ्यात मोठी जागा म्हणजे अंधार. गाळप हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. अशी अंधारी वस्तू लो बीममध्ये चाळीस-पन्नास मीटरवर आली की मगच दिसते. ताशी ८० च्या वेगात ब्रेकला हात जाईपर्यंतच वीस-बावीस मीटर संपतात, आणि कोरड्या रस्त्यावर थांबेपर्यंत साठेक मीटर लागतात. म्हणजे दिसली तेव्हाच उशीर झालेला असतो. सूर्य मावळायच्या आत घरी, हा एक नियम पाळलात तरी खूप झालं.

दुसरी जागा ओला घाट. पहिल्या दोन-तीन पावसांत रस्त्यावरचं तेल वर येतं, ते दिवस गाडी घरीच ठेवा. नंतर झाडाखालच्या वळणांवर शेवाळ धरतं, डोंगरातून वाहून आलेला मुरूम वळणाच्या आतल्या बाजूला पसरतो, आणि पांढरे पट्टे साबणासारखे होतात. ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ असताना संपवायचा. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण झुकलेल्या गाडीला पकड देत नाही. उजव्या वळणावर मधल्या पट्टीपासून लांब राहा. तिथे तुमचं चाक तुमच्या लेनमध्ये असतं, पण डोकं समोरच्याच्या लेनमध्ये झुकलेलं, आणि नेमकी तिथेच उतरणारी गाडी वळण कापते.

पाना_१०_१२:
वरच्यात गाडीची आणि अंगावरच्या सामानाची भर घालतो.

हेल्मेट फुलफेस, आयएसआय असायलाच हवं, सोबत ईसीई २२.०६ (युरोपचं हेल्मेट मानक) असेल तर उत्तम. नवं असताना गाल दाबले गेले पाहिजेत. पट्टा लावून मागून वर ढकलून बघा, पुढे निघून आलं तर माप मोठं आहे. एकदा जोरात आपटलं की बाद, वरून धड दिसलं तरी. आतला थर्माकोल एकदाच दबतो. जॅकेटमध्ये नुसता फोम नको, कोपर-खांद्याला ईएन १६२१-१ आणि पाठीला ईएन १६२१-२ (धक्का शोषणाऱ्या पॅडची युरोपीय मानकं) छापलेले पॅड बघून घ्या. आणि घोटा झाकणारे बूट. घोट्याकडे फार दुर्लक्ष होतं.

टायरची हवा थंड असताना तपासा, आकडा चेनकव्हर किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतो. टायरची खाच पावसाळी घाटाला मी २ मिलिमीटरच्या खाली चालू देणार नाही. बाजूला चार आकडी तारीख असते: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलाच. ते हवेतला ओलावा शोषतं, लांब उतारावर सतत ब्रेक दाबून तापलं की त्यात वाफ धरते आणि लिव्हर मऊ पडून हँडलला टेकतो. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर इंजिनला गाडी धरू द्या.

तारण:
पैशांची बाजू. गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वापुरता, दवाखान्याचं बिल त्यात येत नाही. लायसन्सची मुदत संपलेली असेल तर दावा अडकतो. म्हणून टर्म प्लॅन, म्हणजे मृत्यू झाल्यास घरच्यांना रक्कम देणारा आयुर्विमा (किमान उरलेलं गृहकर्ज अधिक मुलीचं शिक्षण), आरोग्य विमा, आणि तात्पुरत्या अपंगत्वात दर आठवड्याला पैसे देणारा वेगळा अपघात विमा घ्या. मांडीचं हाड मोडलं तर माणूस वाचतो, पण काही महिने कामाला जाऊ शकत नाही. घर बसतं ते तिथेच.

पाऊलवाट:
एवढं सगळं करूनही धोका शून्य होत नाही, हेही घरी स्पष्ट सांगा. १९८१ च्या हर्ट अहवालात (मोटरसायकल अपघातांवरचा अमेरिकी अभ्यास) लॉस एंजेलिस भागातले नऊशे अपघात जागेवर जाऊन तपासले होते. दुसरं वाहन असलेल्या अपघातांत सुमारे दोन-तृतीयांश वेळा चूक त्या दुसऱ्याची होती. तेवढा वाटा तुमच्या हातात नाही.

पण तुमचे चार तास कुठे असतात ते नीट बघा. मुळशीच्या पाण्याच्या कडेने सकाळी साडेसहाला, पन्नासच्या वेगात, रस्ता मोकळा. आनंद तिथे आहे. धोका आहे दुपारच्या परतीत: धबधब्यापाशी दारू पिऊन उभी टोळकी, अचानक वळणाऱ्या मोटारी, दमलेलं शरीर. पाचला निघा, अकराला घरात. आनंद सगळा मिळेल आणि धोक्याचा मोठा तुकडा कापला जाईल. गाडी विकायची गरज मला दिसत नाही.

रानवाट:
मनापासून आभार. पाच-अकराचं आजच घरी बोलतो. एक राहिलं: मुलगी दहा वर्षांची, मागे बसायचा हट्ट करते.

पाना_१०_१२:
गाडी मेन स्टँडवर लावून तिला बसवा. दोन्ही पाय फूटरेस्टवर सपाट टेकले आणि दोन्ही हातांची मिठी तुमच्या कमरेभोवती पुरली, तरच विचार करा. हेल्मेट तिच्या मापाचं, तुमचं जुनं नाही. मागच्या टायरची हवा स्टिकरवरच्या दोघांच्या आकड्यानुसार, मागचं सस्पेन्शन एक खाच घट्ट. सुरुवातीला कोरड्या दिवशी सपाट रस्त्यावर अर्धा तास, घाट नाही. पाय टेकत नसतील तर वर्षभर थांबा.